नवशिक्यांसाठीची असेम्ब्ली पाठमाला आणि तिच्यावरील अभिप्राय : एक चिकित्सा (टीआय-८३ प्लस ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

साहित्यकृतीच्या समीक्षेला मराठीत प्रदीर्घ परंपरा आहे. शिकविण्यासाठी लिहिलेल्या मजकुराच्या वाट्याला मात्र ‘उपयुक्त’, ‘विद्यार्थ्यांनी संग्रही ठेवावे’ अशा ठरावीक शेऱ्यांपलीकडे सहसा काही येत नाही. वस्तुतः पाठ हाही रचनेचाच एक प्रकार होय. कोणती गोष्ट आधी सांगायची, कोणती राखून ठेवायची, कोणत्या शब्दापाशी वाचक अडखळेल, याचे निर्णय पाठलेखकालाही घ्यावे लागतात. ते चुकले तर कादंबरीचा वाचक कंटाळतो. पाठाचा वाचक तो विषयच सोडून देतो.

प्रस्तुत लेखात ग्राफिंग कॅल्क्युलेटरसाठी असेम्ब्ली भाषेत प्रोग्रॅम कसे लिहावेत हे नवशिक्यांना शिकविणाऱ्या पाठमाला आणि जाणकारांकडून त्यांच्यावर दिले जाणारे अभिप्राय यांचा परामर्श घेतला आहे. विषय वरकरणी फार बारीक आहे. परंतु विषयात पारंगत असलेल्या वाचकाला नवशिक्याच्या पाठातील उणीव दिसतेच असे नाही, हा मुद्दा येथे जितक्या स्पष्टपणे तपासता येतो तितका इतरत्र क्वचितच येईल. कवितेच्या अर्थाबाबत मतभेद राहू शकतात. येथे आज्ञा चुकली की यंत्र गोठते आणि वाद तिथेच मिटतो.

पार्श्वभूमी :

समीकरणाचा आलेख पडद्यावर काढून दाखविणारे, हातात मावणारे पहिले गणकयंत्र कॅसिओने १९८५ मध्ये ‘एफएक्स-७०००जी’ या नावाने बाजारात आणले. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८१ हे १९९० मध्ये आले. अमेरिकेत १९९४ पासून सॅट परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरण्यास मुभा मिळाली आणि १९९५ पासून एपी कॅल्क्युलस या परीक्षेसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यकच ठरला. परिणामी तेथील असंख्य शालेय विद्यार्थ्यांच्या दप्तरात, गणिताच्या निमित्ताने का होईना, एक संपूर्ण संगणक येऊन बसला. टीआय-८१, ८५, ८३ आणि ८३ प्लस या यंत्रांच्या पोटात झायलॉग कंपनीचा १९७६ सालचा झेड-८० हा प्रोसेसर होता. टीआय-८३ प्लसमध्ये तो ६ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. ३२ किलोबाइट रॅमपैकी सुमारे २४ किलोबाइट वापरकर्त्याच्या वाट्याला येते आणि पडदा ९६ गुणिले ६४ बिंदूंचा असतो.

या यंत्रांत कंपनीने दिलेली बेसिकसदृश भाषा शिकण्यास सोपी, पण अतिशय संथ होती. प्रोसेसरच्या मूलभूत क्रियांना थेट हात घालणाऱ्या असेम्ब्ली भाषेची वाट प्रथम वापरकर्त्यांनीच शोधली. टीआय-८५ साठी १९९४ मध्ये तयार झालेला ‘झेडशेल’ हा प्रोग्रॅम त्या शोधाचे फलित होय. पुढे १९९९ मध्ये आलेल्या टीआय-८३ प्लसमध्ये असेम्ब्ली प्रोग्रॅम चालविण्याची आज्ञा उघडपणे देण्यात आली आणि यंत्राच्या रॉममधील तयार रूटीनांची माहिती देणारी पुस्तिकाही कंपनीने प्रसिद्ध केली. ही पुस्तिका माहीतगारासाठी होती. ‘रजिस्टर म्हणजे काय’ असे विचारणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी तिच्यात काही नव्हते.

ती पोकळी वापरकर्त्यांनी, बहुधा विद्यार्थ्यांनीच, भरून काढली. ‘लर्न टीआय-८३ प्लस असेम्ब्ली इन २८ डेज’ ही यातील सर्वाधिक परिचित पाठमाला. ‘एकवीस दिवसांत अमुक शिका’ या धर्तीच्या संगणकपुस्तकांची छाया तिच्या शीर्षकावर स्पष्ट दिसते. अशा शीर्षकातील ‘दिवस’ हे प्रकरणाचे दुसरे नाव असते, हे अनुभवी वाचक जाणतो. नवशिका मात्र त्यालाच स्वतःच्या बुद्धीचे माप समजतो आणि सहावा दिवस पंधरवडाभर संपला नाही की खचतो.

या पाठमालांमागे प्रकाशक नव्हता, संपादक नव्हता, पाठ्यपुस्तक मंडळ नव्हते. लेखक आणि वाचक यांच्यात वयाचेही फारसे अंतर नव्हते. म्हणूनच त्यांची भाषा खेळकर, आपुलकीची आहे आणि हा त्यांचा खरा गुण मानला पाहिजे. परंतु संपादनाचे सारे काम त्यामुळे अभिप्रायांवर येऊन पडले. अभिप्राय चांगला मिळाला तर पाठ सुधारणार आणि न मिळाला तर चूक तशीच पुढच्या वाचकाच्या माथी जाणार, अशी ही व्यवस्था होती.

पहिला प्रोग्रॅम :

असेम्ब्लीच्या नवशिक्या पाठाचा आरंभ प्रथेप्रमाणे पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ ही अक्षरे उमटविणाऱ्या प्रोग्रॅमने होतो. तो जेमतेम डझनभर ओळींचा असतो. त्याचे बारकाईने वाचन केल्यास किती गोष्टी गृहीत धरल्या जातात हे ध्यानात येते.

प्रारंभी प्रोग्रॅम स्मृतीत कोठे बसणार आहे तो पत्ता सांगावा लागतो. टीआय-८३ प्लसमध्ये असेम्ब्ली प्रोग्रॅम षोडशमान पद्धतीतील ९डी९५ या पत्त्यावरून चालतो. पाठात मात्र या पत्त्यातून दोन वजा केलेले असतात. कारण असे की, ‘हा असेम्ब्ली प्रोग्रॅम आहे’ हे यंत्राला कळविणारी बीबी आणि ६डी ही दोन बाइटांची खूण सुरुवातीला लिहावी लागते आणि तिच्यासाठी दोन घरे मागे सरकावे लागते. हे एका वाक्यात सांगता येते. ते वाक्य नसेल तर ‘वजा दोन’ हा मंत्राक्षरासारखा पाठ केला जातो.

त्याहून रोचक उदाहरण कर्सरचे आहे. अक्षरे डाव्या वरच्या कोपऱ्यात उमटावीत म्हणून सामान्यतः दोन ओळी लिहिल्या जातात : एचएल या रजिस्टरमध्ये शून्य भरा आणि एचएलमधील मजकूर ‘करंट रो’ म्हणजे ओळक्रमांकाच्या पत्त्यावर ठेवा. वाचक बुचकळ्यात पडतो. ओळ शून्य झाली हे समजले. पण स्तंभ शून्य कोणी केला? उत्तर असे की, ओळक्रमांक ८४४बी या पत्त्यावर आणि स्तंभक्रमांक लगेच पुढच्या ८४४सी या पत्त्यावर असतो; एचएल हे दोन बाइटांचे जोडरजिस्टर आहे; झेड-८० दोन बाइटांची संख्या साठवताना लहान किमतीचा बाइट आधी ठेवतो; म्हणून एल ओळीत आणि एच स्तंभात जाऊन बसतो. या दोन ओळी समजण्यासाठी जोडरजिस्टर, बाइटांचा क्रम आणि शेजारी असलेली चलघरे या तीन संकल्पना लागतात आणि पहिल्या पाठात त्यांपैकी एकही शिकविलेली नसते. एक-एक बाइट वेगवेगळा भरणाऱ्या चार ओळी लिहिल्या असत्या तर प्रोग्रॅम थोडा लांबला असता, पण जे लिहिले आहे ते वाचकाला वाचता आले असते.

गृहीते पूर्णतः टाळता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न इतकाच की, जे आता समजणार नाही ते लेखकाने तसे सांगितले आहे काय. ‘ही ओळ सध्या जशीच्या तशी उतरवा, तिचा अर्थ चौथ्या पाठात येईल’ असे म्हणणारा पाठ वाचकाला धीर देतो. काहीही न म्हणता पुढे जाणारा पाठ वाचकाच्या मनात ‘हे मलाच कळले नाही’ अशी शंका पेरतो.

अभिप्रायांचे स्वरूप :

अशा पाठावर जाणकार जे अभिप्राय देतात त्यांत एक ठरावीक सूचना हमखास आढळते : ‘ए रजिस्टरमध्ये शून्य भरण्यासाठी लोड ही आज्ञा कशाला? एक्स्-ऑर ए लिहा.’ एखाद्या संख्येची तिच्याशीच एक्स्-ऑर क्रिया केली की उत्तर शून्य येते, हे खरे. लोड ही आज्ञा दोन बाइट जागा आणि ७ घड्याळस्पंद घेते. एक्स्-ऑर ए एका बाइटात आणि ४ स्पंदांत काम उरकते. वाचतात ३ स्पंद. ६ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर हा काळ अर्धा मायक्रोसेकंद भरतो. खेळातील चित्र क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेटोळ्यात अशी बचत मोलाची ठरू शकते. पडद्यावर एकदा दोन शब्द लिहून थांबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचा काय उपयोग?

बरे, ही अदलाबदल निर्दोषही नाही. लोड आज्ञा फ्लॅगांना, म्हणजे मागील क्रियेचा निकाल जपून ठेवणाऱ्या बिटांना, स्पर्श करीत नाही. एक्स्-ऑर ते सर्व बदलून टाकते. फ्लॅग हा विषय ज्याने अद्याप वाचलेला नाही त्याने ही युक्ती उचलली तर पुढे एखाद्या तुलनेनंतर ती वापरून तो स्वतःच खड्डा खणील. ‘कॉल आणि त्यालगत रिटर्न असे लिहिण्याऐवजी थेट जंप लिहा’ ही सूचनाही याच जातीची आहे. तीत एक बाइट वाचतो आणि स्टॅकही कमी वापरला जातो, हे निर्विवाद. पण उपकार्यक्रमाला हाक मारली की परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो व परतताना तो उचलला जातो, हे चित्र ज्याच्या मनात कालच तयार झाले, त्याच्यासमोर आज परतीची आज्ञाच गाळलेला प्रोग्रॅम ठेवणे म्हणजे ते चित्र पुसणे होय. तीच युक्ती पाच-सहा पाठांनंतर आली तर स्टॅकची समज पक्की करणारे उत्तम उदाहरण ठरेल. सूचना तीच, तिची वेळ निराळी.

असे अभिप्राय वाईट हेतूने दिले जात नाहीत. उलट, ज्याने बाइट-बाइट वाचवून आपले कौशल्य घडविले त्याला दुसऱ्याच्या पाठात तीच गोष्ट प्रथम दिसणे स्वाभाविक आहे. भाषेच्या प्राध्यापकाने पहिलीच्या वाचनपुस्तकातील वाक्ये फार आखूड आहेत म्हणून ती जोडून द्यावीत, तसा हा प्रकार आहे. येथे खेद वाटावा तो परिणामाबद्दल. पाठलेखक, जो स्वतःही बहुधा विद्यार्थीच असतो, या सूचना मुकाट्याने स्वीकारतो. पुढच्या आवृत्तीत पाठ अधिक चपळ आणि अधिक दुर्बोध होतो आणि त्यावर ‘आता छान झाले’ असा शेरा मिळतो. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तो नवशिका या व्यवहारात कोठेच नसतो.

दुरुस्त व्हायलाच हवी अशी चूक :

याचा अर्थ तांत्रिक अभिप्राय निरर्थक असतात असा नव्हे. काही चुका अशा आहेत की, त्या जाणकारच पकडू शकतो. बी या एका बाइटाच्या रजिस्टरमधील आकडा एकने घटविला व तो शून्य झाला, तर शून्य-फ्लॅग उभारला जातो आणि त्यावरून वेटोळे थांबविता येते. नवशिका, आणि कधी कधी पाठलेखकही, यावरून अनुमान काढतो की, बीसी या दोन बाइटांच्या जोडीलाही हाच नियम लागू असेल. तसे नाही. झेड-८० मध्ये जोडरजिस्टर घटविणारी वा वाढविणारी आज्ञा एकाही फ्लॅगला बदलत नाही. त्यामुळे ‘बीसी घटवा, शून्य नसेल तर मागे जा’ असे लिहिलेले वेटोळे आधीच्या कुठल्यातरी क्रियेच्या शिळ्या निकालावर चालते : एक तर पहिल्याच फेरीत सुटते किंवा कधीच सुटत नाही. बी ची किंमत ए मध्ये घेऊन तिची सी शी ‘ऑर’ क्रिया करणे आणि मग शून्य तपासणे, हा त्यावरचा उपाय होय.

आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांना हा उपाय अपरिचित वाटू नये. ८०८५ च्या प्रात्यक्षिकांत विलंब-वेटोळे लिहिताना डीसीएक्स या आज्ञेनंतर नेमकी हीच तजवीज करावी लागते. झेड-८० आणि ८०८५ ही दोन्ही इंटेलच्या ८०८० या एकाच घराण्याची अपत्ये. रमेश गावकर यांचे ८०८५ वरील पाठ्यपुस्तक भारतीय महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरले गेले. झेड-८० वरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

या दोन भावंडांची तुलना पाठसमीक्षेच्या दृष्टीने आणखी एका ठिकाणी उद्बोधक ठरते. इंटेलच्या परिभाषेत एचएलमध्ये एखादी संख्या भरण्यासाठी एलएक्सआय आणि त्या पत्त्यावरचा मजकूर भरण्यासाठी एलएचएलडी अशी दोन वेगळी नावे आहेत. झायलॉगने या साऱ्यांना ‘लोड’ हे एकच नाव दिले आणि भेद दाखविण्याचे काम कंसावर सोपविले. कंस नसेल तर पत्ता स्वतः, कंस असेल तर त्या पत्त्यावरची वस्तू. एक नाव लक्षात ठेवणे सोपे, हे खरे. पण अर्थाचा सारा भार एका बारीक चिन्हावर आला. मराठीत अनुस्वार गळाला की शब्दाचा अर्थ बदलावा, त्यातला हा प्रकार.

पाठमाला हा नियम सांगतात, परंतु तो मोडल्यावर काय होते हे दाखवीत नाहीत. वस्तुतः ‘हॅलो वर्ल्ड’मध्येच ही संधी आहे. मजकुराच्या पत्त्याभोवती चुकून कंस पडला तर एचएलमध्ये पत्त्याऐवजी ‘हॅलो’ या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे, म्हणजे ४८ आणि ६५ हे संकेत, उलट्या क्रमाने बसून ६५४८ ही संख्या तयार होते. अक्षरे छापणारे रूटीन मग त्या पत्त्यापासून वाचू लागते. तो पत्ता रॉमच्या प्रदेशात येत असल्यामुळे शून्य बाइट भेटेपर्यंत पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात. यंत्राचे नुकसान होत नाही आणि चूक डोळ्यांना दिसते. नवशिक्याकडून मुद्दाम करवून घ्यावी अशी याहून चांगली चूक शोधून सापडणार नाही. ‘येथे कंस घालून पाहा’ एवढी एक ओळ पाठात वाढवा, असे सुचविणारा अभिप्राय एक्स्-ऑरच्या दहा सूचनांपेक्षा मोलाचा ठरला असता.

वाचकाचे नुकसान :

८०८५ च्या किटवर चूक झाली तर विद्यार्थी रीसेटचे बटण दाबतो आणि पुन्हा आकडे भरू लागतो. किट प्रयोगशाळेचे असते. त्यात त्याचे स्वतःचे काही नसते. कॅल्क्युलेटरची गोष्ट वेगळी. त्यात वर्षभराची सूत्रे, स्वतः लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, वर्गमित्रांकडून तारेने घेतलेले खेळ असे सारे काही साठलेले असते. असेम्ब्ली प्रोग्रॅममधील एक चुकीची जंप यंत्र गोठवते, बॅटरी काढून घालावी लागते आणि पडद्यावर ‘रॅम क्लिअर्ड’ ही अक्षरे येतात. रॅममधील सर्व काही गेलेले असते. टीआय-८३ प्लसमध्ये सुमारे १६० किलोबाइटांचा आर्काइव्ह नावाचा कायम स्वरूपाचा साठा आहे आणि त्यात हलविलेली सामग्री सामान्यतः अशा अपघातातून वाचते. तेव्हा पहिला प्रोग्रॅम चालविण्याच्या आधी ‘आपली सर्व सामग्री आर्काइव्हमध्ये हलवा’ हे वाक्य यायला हवे. ते प्रोग्रॅमच्या नंतर, ‘काही सावधगिरीच्या सूचना’ अशा मथळ्याखाली आले, तर ते न लिहिल्यासारखेच आहे. उदबत्ती लावून झाल्यावर काडेपेटी ओली आहे हे कोणी सांगत नाही.

रॉममधील रूटीनांना हाक मारताना होणारी फसगतही अशीच. दहा फेऱ्यांचे वेटोळे बी रजिस्टरवर चालविले आणि आत असे एखादे रूटीन वापरले की जे बी बदलते, तर मोजणी बिघडते आणि वेटोळे भलत्याच फेरीला थांबते किंवा थांबतच नाही. कोणते रूटीन कोणती रजिस्टरे ‘नष्ट’ करते हे कंपनीच्या पुस्तिकेत नोंदलेले आहे. जाणकाराला ते अंगवळणी पडलेले असते, म्हणून तो हाकेच्या आधी रजिस्टर स्टॅकवर ठेवतो आणि आपण असे का करतो हे विसरून जातो. पाठ वाचतानाही त्याला ही उणीव जाणवत नाही, कारण गाळलेली पायरी त्याचे मन आपोआप भरून काढते.

येथे पाठ केवळ वाचून दिलेला अभिप्राय आणि पाठ करून पाहून दिलेला अभिप्राय यांतील भेद कळतो. ‘तिसऱ्या पाठातील दुसरा प्रोग्रॅम उतरवला, तो यंत्रावर घातला आणि पडदा कोरा राहिला’ एवढेच सांगणारा नवशिक्या वाचकाचा अभिप्राय तांत्रिकदृष्ट्या अडाणी वाटेल. पण नेमकी जागा तो दाखवितो. त्या जागेवर काय चुकले हे सांगण्यासाठी जाणकार हवाच. दोघांचे काम असे जोडले गेले तर पाठ खऱ्या अर्थाने तपासला जाईल. प्रत्यक्षात नवशिका आपले अज्ञान उघडे पडेल म्हणून गप्प बसतो आणि जाणकाराला बोलण्यासाठी बाइट मोजण्याखेरीज दुसरा विषय उरत नाही. आपल्या विद्यापीठांतील प्रात्यक्षिक-पुस्तिकांची तपासणीही याहून फारशी निराळ्या रीतीने होत नाही : पुस्तिका लिहिणारे आणि तपासणारे दोघेही तो प्रयोग डोळे मिटून करू शकणारे असतात.

कालबाह्यतेचा प्रश्न :

या पाठमालांच्या बाबतीत आता आणखी एक अडचण उभी राहिली आहे. टीआय-८४ प्लस हे यंत्र २००४ मध्ये आले, तेव्हा ८३ प्लसचे बहुतेक पाठ त्यावरही चालत होते. २०१५ मध्ये आलेल्या टीआय-८४ प्लस सीई या रंगीत पडद्याच्या यंत्रात मात्र ईझेड-८० हा प्रोसेसर आला. पत्ते १६ ऐवजी २४ बिटांचे झाले, आरंभीची दोन बाइटांची खूण बदलली, प्रोग्रॅमची जागा बदलली. ८३ प्लसचा ‘हॅलो वर्ल्ड’ त्यावर जसाच्या तसा चालू शकत नाही. पुढे २०२० मध्ये कंपनीने सीई यंत्रांच्या नव्या कार्यप्रणालीतून असेम्ब्ली आणि सी भाषेतील प्रोग्रॅम चालविण्याची सोय काढून टाकली. परीक्षेसाठीची बंधने चुकविली जाऊ नयेत, हा तिच्यामागील हेतू होता. त्याच सुमारास पायथनची सोय असलेली यंत्रे बाजारात आणली गेली. वापरकर्त्यांनी त्याच वर्षी या बंदीतूनही वाट काढली, हा भाग वेगळा.

जुन्या यंत्रांवर असेम्ब्ली पूर्वीसारखीच चालते आणि जुने पाठही वाचले जातात. पण त्या पाठांत ‘कॅल्क्युलेटर’ या शब्दाने कोणते यंत्र अभिप्रेत आहे, हे दर वेळी स्पष्ट केलेले असतेच असे नाही; लिहिणाऱ्याच्या काळी तशी गरजही नव्हती. आज सीई हातात घेऊन पहिला पाठ उघडणारा मुलगा सांगितलेली प्रत्येक ओळ बिनचूक उतरवितो, त्याच्या यंत्रावर ती आज्ञा चालतच नाही, आणि तो उतरविलेल्या बारा ओळींमध्ये आपली चूक शोधत बसतो.